तळघरातली दाद

आमच्या आजोबांचा आवाज घरात कुठंच सापडत नव्हता.

वाचायला विचित्र वाटेल, पण आम्ही खरंच शोधत होतो. आजोबा जाऊन तीन-चार दिवस झाले होते. परतूरमधले सगळे ओळखीचे भेटून गेले होते, 'कसं झालं, काय झालं' सांगून सांगून बाबांचा घसा बसला होता. आजी खिडकीखाली सतरंजीवर बसलेली. ती एकदम म्हणाली, "वंदे, मला ह्यांचा आवाज आठवना गेला."

वंदना म्हणजे माझी आत्या. जालन्याहून आली होती. ती म्हणाली, "असं कसं होईल आई? थकलीस तू. जरा पड."

"थकले न्हाई. तोंड आठवतंय. बशीला फुंकर कशी मारायचे ते आठवतंय. त्या निळ्या शर्टाची तुटलेली गुंडीसुद्धा आठवतीय. आवाज न्हाई. सकाळपासून कानात शोधून राह्यले मी, तिथं बिलकुल काहीच न्हाई." आणि मग माझी आजी, जी अंत्ययात्रेच्या वेळीही धीरानं उभी होती, ती लहान पोरीसारखी घाबरली. "चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याची हाक ऐकली त्याचा आवाज असा जातो का गं? कुठं जातो?"

दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरला आजोबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याला एक छिद्र राहिलं, त्यातून ते श्वास घ्यायचे, वर पांढरा रुमाल बांधायचे. जीव राहिला, आवाज गेला. हाक मारायची असली की पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवायचे. एक टक म्हणजे मी. टक-टक म्हणजे आजी. आणि आजी असेल तिथून, मोरीतून, गच्चीवरून, शेजारच्या उषाबाईंच्या ओट्यावरून ओरडायची, "आले, आले!"

तर आम्ही आवाज शोधायला बसलो. आत्याला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्यांचे मोबाइल आजोबांच्या व्हिडिओंनी भरलेत! आणि तिथंच आमची जिरली. कारण आमच्याकडं एक पद्धत आहे, तुमच्याकडंही असेल: व्हिडिओ काढला की त्यावर गाणं टाकायचं. नुसता व्हिडिओ कुणाला आवडत नाही. आजोबा तुळजापूरला, वरून देवीचं गाणं. आजोबा शेतात हुरडा खाताना, वरून बासरी. पंच्याहत्तरीचा मोठा कार्यक्रम झाला होता, त्यात आजोबांनी चांगलं लांबलचक भाषण केलं. आत्याच्या मुलानं, ऋषीदादानं, ते पूर्ण शूट केलं होतं. लावलं. आजोबा माइक धरून उभे, ओठ हलताहेत, हात वर करून काहीतरी विनोद सांगताहेत, समोरचे हसताहेत, आणि त्यांच्या तोंडातून कोणतरी बाई प्रेमाचं गाणं गातेय.

"मूळचा व्हिडिओ कुठाय?" बाबांनी विचारलं.

"जागा भरली होती मामा. डिलिट केला," ऋषीदादा खाली बघत म्हणाला.

बाबांच्या लग्नाची सीडी काढली. शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई घातलेली. व्हॉट्सॲपवर आजोबा फक्त 'ओके' लिहायचे. आत्या रडायलाच लागली. "इतक्या गाण्यांखाली गाडलं आपण त्यांना," असं काहीतरी बडबडत होती.

तेव्हा मी म्हणाले, "एक जागा हाये."

आता मी कोण ते सांगते. मी गंधाली. दहावीत आहे, यंदा जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. (हे मी सगळीकडं सांगते, सवय करून घ्या.) पण दोन वर्षांपूर्वी बाईंनी 'उभी राहा' म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. आजोबांचा आवाज गेला आणि घरात त्यांच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडं आलं. ते पाटीवर एक शब्द लिहायचे आणि मी त्याचं भाषण करायचं. 'दूध' लिहिलं की मी दूधवाल्याला पाण्यावरून सुनवायचे. एकदा दवाखान्यात मी त्यांच्या वतीनं म्हणाले, "रात्रभर माझ्या पोटात मुरडा येऊन राह्यलाय," तर डॉक्टरांनी मलाच टेबलावर झोपवलं. आजोबा इतके हसले! आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत आणि गळ्यातल्या छिद्रातून खस्स खस्स हवा येतेय.

तर असं. त्यांचा गेला आणि मला आला. मी यावर कधी नीट विचार करत नाही.

आणि आम्हा दोघांचं दुसरं काम म्हणजे रविवार दुपारच्या रेकॉर्ड. आजोबा सरकारी दूध डेअरीत इंजिनीअर होते. लग्नाच्या आधी, सत्तावीस वर्षांचे असताना, डेअरीनं त्यांना मशिनरी शिकायला वर्षभर डेन्मार्कला पाठवलं होतं, कोपनहेगनला. सगळे लोक परदेशातून घड्याळ आणतात, कॅमेरा आणतात. आमचे आजोबा एक रेकॉर्ड प्लेयर आणि खोकंभर जाझच्या रेकॉर्ड घेऊन परतूर स्टेशनवर उतरले. त्याही कशा? दुकानाच्या दाराशी टोपलीत टाकलेल्या. ज्या कुणीच घेत नाही त्या.

"त्या टोपलीत कोण असायचं माहीत हाये का?" ते सांगायचे. "अमेरिकेतली माणसं. काळी माणसं बहुतेक. स्वतःच्या देशात हॉटेलात वाजवायचं, पण त्याच हॉटेलात जेवायचं न्हाई, अशी गत. मंग बोटीत बसून युरोपात गेले. पॅरिसला गेले, स्टॉकहोमला गेले. तिथं लोक मान द्यायचे, ऐकून घ्यायचे, तळघरात एखादी छोटी कंपनी रेकॉर्डसुद्धा काढायची. पण अमेरिकेत ती रेकॉर्ड कधी पोचायची न्हाई. अन् तिथल्यांना वाटायचं, हा तर आपल्याच गल्लीत राहतो, रोज सायकलवर दिसतो, ह्याची रेकॉर्ड काय घ्यायची? दोन्ही गावांत परका. ती टोपली म्हंजी त्यांचं तिसरं गाव."

ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत, शब्द न् शब्द. पण खरं सांगू? आजीनं विचारलं तेव्हा मी माझ्याही कानात शोधलं. वाक्यं होती. ती माझ्याच आवाजात होती.

त्या टोपलीतल्या रेकॉर्डनी मला ऐकायला शिकवलं. एक बाई आहे, जर्मनीत कुठल्यातरी रेडिओच्या खोलीत गायलेली, ती शब्द असा सोडते की दार न लावता कुणी निघून गेल्यासारखं वाटतं. एक पियानोवाला आहे, तो मधेच थांबतो, आपल्याला वाटतं विसरला, आणि मग तो आपण मनात धरलेला सूर सोडून शेजारचाच लावतो आणि तोच बरोबर असतो! पण आमचा लाडका म्हणजे व्हर्नन टिब्ज. टेनर सॅक्सोफोन. मुखपृष्ठावर बर्फातून सायकल ढकलत चाललेला उंच माणूस, कॅरियरला सॅक्सोफोनची पेटी दोरीनं बांधलेली, आपल्याकडं बाजाराला पोतं बांधतात तशी. ड्रमवाला काठ्यांऐवजी तारेच्या कुंच्यानं वाजवतो, ते ऐकताना आजी म्हणायची, "हा तर सुपात ज्वारी पाखडून राह्यला." अगदी तसंच! आणि त्या पाखडण्यावर टिब्जचा सॅक्सोफोन. तो रडत नाही. रडून झाल्यावर माणूस तोंड धुऊन बाहेर येतो ना, आणि 'काही न्हाई, चला जेवू' म्हणतो, तसा आवाज.

ती रेकॉर्ड एका तळघरातल्या कार्यक्रमात, लोकांसमोर, थेट रेकॉर्ड केलेली. आणि त्या लोकांमध्ये आजोबा होते.

डेअरीतल्या एका मित्रानं त्यांना नेलं होतं. आता, आजोबा लहानपणी दत्तजयंतीला वडिलांबरोबर अंबडला गाण्याच्या मैफलींना जायचे. तिथं एक गोष्ट अंगात भिनलेली: जागा, म्हणजे सुरांचं एखादं सुंदर वळण, आली की दाद द्यायची. "ऐकून गप बसणं म्हंजी जेवून यजमानाला 'छान झालं' न म्हणता उठणं," असं ते म्हणायचे. आणि कोपनहेगनला सगळे गप! मेणबत्त्या लावून, हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखे. टाळ्या फक्त शेवटी. आजोबांनी पहिल्या बाजूभर स्वतःला आवरलं. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर टिब्ज एका वळणावरून असा काही खाली उतरला की आमच्या आजोबांच्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "वाह! क्या बात है!"

सगळ्या माना वळल्या. मित्रानं पाय दाबला. आजोबांना वाटलं जमीन दुभंगावी. पण टिब्जनं काय करावं? त्यानं डोळे उघडले, आवाज आला तिकडं बघितलं, आणि ती जागा परत घेतली. आपल्याकडं गवई दाद आल्यावर घेतो तशी. पहिल्यापेक्षा सुंदर, शेवटी एक मुरकी जास्त घालून. "त्याला भाषा समजली न्हाई, पण गोष्ट समजली," आजोबा म्हणायचे. कंपनी गरीब, दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायची ऐपत नाही, त्यामुळं ते सगळं तसंच रेकॉर्डमध्ये आलं. वर्षाच्या शेवटी टोपलीत ती रेकॉर्ड दिसली, घरी नेऊन लावली, तर आत आजोबा!

मी हे वर्गात सांगितलं होतं. माझी मैत्रीण अर्पिता म्हणाली, "फेकू नको गंधे. परतूरचा माणूस इंग्लिश रेकॉर्डमधी?" तिला वाटतं जाझ म्हणजे इंग्लिश.

तर मी म्हणाले, एक जागा हाये. आजीनं मान वर केली. "टिब्जची," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. "लाव."

"आई, सुतकात?" बाबा म्हणाले. बाबांचं नाव अवधूत, बँकेत आहेत, स्वभावानं गरीब. टीव्हीवर त्यांनी स्वतः चादर टाकली होती. "तेरा दिवस होऊ दे. घरात बाजा वाजला तर लोक काय म्हणतील?"

आता दोन वर्षांपूर्वीची मी असते तर गप बसले असते. मी उभी राहिले. "बाबा, सुतकात गाणं का लावत न्हाईत? तर कुणी मजा करतंय असं वाटू नये म्हणून. हिथं कोण मजा करून राह्यलंय? आजी नवऱ्याचा आवाज मागतीय. तो गाण्याच्या मधी सापडतोय त्याला ती काय करणार? आणि तेरा दिवसांनी तिला काय वाटतंय ते तेरा दिवसांनी. तिला आज भीती वाटतीय."

"स्पर्धेत बोलल्यासारखी बोलू नको."

"मंग कुणासारखी बोलू? मला एवढंच येतं."

तेवढ्यात दारातून उषाबाई आल्या, हातात पिठलं-भाकरीचा डबा. सुतकात आमची चूल बंद, शेजारपाजारचेच जेवण आणायचे. बाबा ज्यांना 'लोक' म्हणत होते ते म्हणजे खरं तर उषाबाईच. त्यांनी सगळं ऐकलं, डबा खाली ठेवला आणि आजीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "लाव गं पोरी. काका ज्या दिवशी शेवटचं बोलले त्या दिवशी मला 'उषा, गॅस बंद कर' म्हणाले होते. मी बी ऐकते."

दारं लावली. मी रेकॉर्ड प्लेयरवरचं कापड काढलं. खोक्यातून टिब्ज काढला. रेकॉर्डला बोटं लागू द्यायची नाहीत, कडेनं धरायची, हे मला आजोबांनी हाताला धरून शिकवलंय. दुसरी बाजू. पिन टेकवली.

ज्वारी पाखडायला सुरुवात झाली. उषाबाईंनी सूप शोधत असल्यासारखं खोलीत बघितलं. सॅक्सोफोन आला. मी ही बाजू ऑपरेशनच्या आधी आजोबांबरोबर कितीदा ऐकली होती. नंतर ते मला ती लावू द्यायचे नाहीत, दुसरीकडं बोट दाखवायचे, मला वाटायचं कंटाळा आला असेल. आता येईल. आता तो वळणावरून खाली उतरेल. मी आजीचा हात धरला. बाबा भिंतीला टेकून उभे होते. उतरला, आणि—

खर्र्र. टक. खर्र. टक-टक. खर्र्र्र.

आवाज नव्हता. सॅक्सोफोनही नव्हता. तव्यावर मीठ टाकल्यासारखी खरखर, मधेमधे टक, टक. मग एकदम त्यातून टिब्ज वर आला आणि पुढं चालू लागला, काही झालंच नाही असा.

"झालं का?" उषाबाईंनी हळूच विचारलं.

मी पिन उचलली, मागं नेली, परत टेकवली. परत खरखर. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली तर त्या ठिकाणी, बोटभर जागेत, काळी चमक जाऊन राखाडी पट्टा पडलेला. बाकीची रेकॉर्ड जपलेली, फक्त तेवढंच खरवडलेलं.

"कुणी केलं हे?" बाबा जवळजवळ ओरडलेच.

आजी म्हणाली, "ह्यांनीच."

ती खिडकीकडं बघून बोलत होती. "गंधू शाळेत गेली, तू बँकेत गेला, की हे हेडफोन लावून बसायचे. मला वाटायचं गाणं ऐकतेत. पण हात सारखा वर. पिन उचलायची, टेकवायची. उचलायची, टेकवायची. मी एकदा म्हणलं, 'अहो, एवढं काय हाये तिथं?' तर पाटीवर लिहिलं, 'मी'."

ती जुनी बोथट पिन मी ओळखत होते. परतूरला ती मिळत नाही, जालन्यालाही नाही, आजोबा म्हणायचे चालतंय तेवढं चालू दे. बोथट पिन रेघेवरून चालत नाही, नांगरते. दोन वर्षं, रोज दुपारी, आवाज नसलेला माणूस स्वतःचा आवाज ऐकत होता, आणि प्रत्येकदा ऐकताना थोडा थोडा पुसत होता.

"जाऊ दे," आजी म्हणाली. "त्यांचं त्यांनी वापरलं." आणि पदर तोंडावर घेतला.

पण मी जाऊ देणारी नव्हते! कारण मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर मला अंगणात तीन चकरा माराव्या लागल्या. रेकॉर्ड काही एकच नसते ना. कारखान्यात शेकड्यानं छापतात. म्हणजे डेन्मार्कमध्ये कुठंतरी, कुणाच्या तरी कपाटात, टिब्जची दुसरी प्रत असणार. आणि ती कशी असणार? नवीकोरी! कारण टिब्जला कुणी ऐकतच नाही. जिथं त्याच्यावर प्रेम केलं तिथं तो घासून गेला. जिथं कुणी विचारलं नाही तिथं आजोबा अजून 'क्या बात है' म्हणताहेत.

तेरावा झाला. दिवाळी आली आणि गेली, आमच्याकडं यंदा आकाशकंदील नव्हता. बाबा म्हणाले दहावीचं वर्ष आहे. मी अभ्यास केला, आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर टिब्ज शोधला. त्याची माहिती किती होती सांगू? तीन ओळी. कुठं जन्मला, कुठं वाजवायचा, कोपनहेगनलाच वारला. गाणं कुठंच नाही, कुणी चढवलेलंच नाही. शेवटी रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक साइट सापडली, त्यावर कुणाकडं कोणती रेकॉर्ड आहे ते लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडं ती होती त्या सगळ्यांना मी लिहिलं. इंग्रजी अर्पितानं तपासलं. ती म्हणाली, "'माझे आजोबा तुमच्या कपाटात आहेत' असं लिहू नको, घाबरतील ते." मी तसंच ठेवलं.

एकच उत्तर आलं. हेनिंग नावाचे एक निवृत्त पोस्टमन, डेन्मार्कमधल्याच आर्हुस नावाच्या शहरातले. त्यांनी लिहिलं होतं की ही रेकॉर्ड मी तरुणपणी स्वस्तात घेतली, पहिली बाजू एक-दोनदा ऐकली, दुसरी कधी नीट लावलीच नव्हती. तुमचं पत्र वाचून लावली. तो ओरडा आला, तेव्हा मला कुणीतरी रागावलेला माणूस वाटला. तुम्ही सांगता ती दाद आहे हे कळल्यावर परत ऐकलं, तर पुढं वाजवणारा जे करतो ते पहिल्यांदा लक्षात आलं. आज दिवसभर तीच बाजू लावतोय. बायको वैतागलीय. सोबत मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो.

मी एकटीनं ऐकलं नाही. रविवारी आत्याला, ऋषीदादाला बोलावलं. दुपारी सगळे खिडकीजवळ बसलो, आजी कापसाच्या वाती वळत होती. मी मोबाइल ब्लूटूथच्या स्पीकरला जोडला.

हेनिंग यांच्या घरातलं घड्याळ आधी ऐकू आलं. मग ज्वारी. मग टिब्ज, इतका स्वच्छ की त्याचा श्वास ऐकू येत होता. वळण. उतरण.

"वाह! क्या बात है!"

मी किंचाळलेच. आत्यानं तोंडावर हात ठेवला. बाबा म्हणाले, "बाबा..." आणि ऋषीदादाकडं बघितलं, कारण तो आवाज बराचसा ऋषीदादासारखाच होता. पातळ, उतावळा, शेवटी थोडा फाटलेला. आणि लगेच टिब्जनं जागा परत घेतली.

आजीच्या हातातली वात अर्धी राहिली होती. तिनं ऋषीदादाकडं बघितलं, मग स्पीकरकडं. "कोण पोरगं हाये हे?"

"आजी, आजोबा! ते आजोबाच हायेत!"

"परत लाव."

लावलं. परत लावलं. ती मान कलती करून ऐकत होती, डॉक्टरांचं ऐकतो तशी. मला वाटत होतं आता तिला आठवेल, आता चेहरा उजळेल. मी त्या चेहऱ्याकडं इतकी बघत होते की माझे डोळे दुखायला लागले.

"चांगलं हाये पोरगं," आजी शेवटी म्हणाली. "उत्साही हाये. पण मी ह्याला कधी भेटले न्हाई गं. माझं लग्न व्हायच्या आधीचं हाये हे. माझ्याशी जे बोलायचे, त्यांचा आवाज भारी होता, दाणेदार. सकाळी खाकरून मंग हाक मारायचे." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तू लई केलंस. वाईट वाटून घेऊ नको."

मला इतकं वाईट वाटलं की मी बोलूच शकले नाही. मी! जिल्ह्यात पहिली!

आत्या चहा करायला उठली. बाबा ऋषीदादाला, मोबाइलमध्ये ते जपून ठेव, त्यावर काही टाकू नको, असं तीन-तीनदा सांगत होते. आजी वात पूर्ण करत म्हणाली, "गंधू, आपली लाव की. आपल्या घरची."

"ती खराब हाये आजी. त्यात काही न्हाई."

"लाव."

मी खोक्यातून टिब्ज काढला. कडेनं धरला. दुसरी बाजू. पाखडणं सुरू झालं, साठवणीतल्या ज्वारीसारखं थोडं धुळकट. सॅक्सोफोन आला, वळणाशी पोचला, आणि नेहमीच्या जागी खरवडलेला पट्टा लागला.

खर्र्र. टक. खर्र. टक-टक.

आजीचा हात थांबला. ती सतरंजीवरून अर्धी उठली, एक हात जमिनीला टेकून, पलंग होता त्या कोपऱ्याकडं बघत.

"आले, आले," ती म्हणाली.

पलंग आम्ही केव्हाच काढून गच्चीवर ठेवला होता. स्वैपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. आजी तशीच, अर्धी उठलेली. मग ती हळूहळू खाली बसली, आणि पहिल्यांदा, ते गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यांदा रडली. मी तिला धरून ठेवलं. पिन उचलायला कुणी उठलं नाही.

खरखर संपली. तिथं आता कुणी 'क्या बात है' म्हणत नव्हतं, तरीही टिब्जनं ती जागा परत घेतली, एक मुरकी जास्त घालून.